दोन चिठ्ठ्या, एक पिशवी: कमजोर हृदय आणि विसराळूपण एकत्र आलेल्या म्हाताऱ्या माणसाची गावात काळजी

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर अशी पिशवी नेहमी येते. आत हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी, आणि मधल्या काळात गावातल्या दवाखान्यातून आणलेल्या सुट्या गोळ्या, कागदाच्या पुडीत. सून म्हणते, "भाऊ, मामाजींच्या साऱ्या गोळ्या द्या महिन्याभराच्या." मुलगा पुण्याला, चिठ्ठ्यांचे फोटो त्याच्या फोनमध्ये, आणि गोळी प्रत्यक्ष तोंडात घालणारी ही. स्टेंट (हृदयाची तुंबलेली नळी उघडी ठेवणारी जाळी) टाकणाऱ्या डॉक्टरांना विसराळूपणाची गोळी सुरू झाल्याचं ठाऊक नसतं, मेंदूच्या डॉक्टरांनी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद पाहिलेला नसतो. दोन्ही चिठ्ठ्यांची गाठ पडते ती घरातच. ती पिशवी सांभाळणाऱ्यासाठी हे लिहितो आहे.

असं घर दुर्मिळ नाही. देशभरातल्या ज्येष्ठांच्या एका मोठ्या पाहणीत साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, आणि शहरापेक्षा खेड्यात ते जास्त होतं. बीपी, शुगर, तंबाखू ही हृदय बिघडवणारी मंडळीच मेंदूही बिघडवतात, त्यामुळे दोन्ही दुखणी एकाच माणसाला गाठतात.

आधी खात्री करा

"आबाजी भ्रमिष्ट झाले" हे घरच्यांचं निदान. ते मान्य करण्याआधी एक प्रश्न विचारा: हे हळूहळू झालं की अचानक?

दोन-तीन वर्षांत वाढत गेलेलं विसरणं वेगळं. परवापर्यंत बरा असलेला माणूस आज बरळतो, दिवसा झोपतो, रात्री भिंतीशी बोलतो, हे वेगळं. दुसऱ्या प्रकाराला म्हातारचळ समजून घरी बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, शुगर कमी होणं, लघवी तुंबणं, नवी गोळी, आणि हो, हार्ट अटॅकसुद्धा अशा अचानक गोंधळाच्या रूपात येतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हळूहळू वाढणाऱ्या विसरण्यातही दुरुस्त होणारी कारणं असतात. बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणी मागून घ्या. हृदयरुग्ण वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेतात, शुगरवाले मेटफॉर्मिन घेतात. या दोन्हींनी बी-१२ कमी होऊ शकतं, त्यात घर शाकाहारी असेल तर आणखीच. कानही तपासा. ऐकूच येत नाही तो माणूस उत्तर काय देणार? डोक्याला मार लागला असेल, अगदी दोन महिन्यांपूर्वीचा, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात साध्या पडण्यानेही हळूहळू रक्त साचू शकतं, आणि सीटी स्कॅनशिवाय ते कळत नाही.

आत नेमकं काय होतं, थोडक्यात

शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा १५ ते २० टक्के वाटा घेतो. हृदयाचं पंपिंग कमी झालं की झळ तिथेही लागते. जुन्या बीपीने मेंदूतल्या बारीक नळ्या जाड होतात, ठिकठिकाणी छोटे छोटे लकवे होऊन जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरीकडे, १९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी एका बाईंच्या मेंदूत जे पाहिलं ते: पेशींच्या बाहेर अमायलॉइड प्रथिनाचे साठे आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा गुंता. म्हाताऱ्या माणसात बहुधा दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. म्हणून "हा नळ्यांचा की अल्झायमरचा" या वादात न पडता बीपी-शुगर सांभाळणं दोन्हींकडे कामी येतं.

कंपवाताची (पार्किन्सनची) गोष्ट आणखी चमत्कारिक. त्यात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन पेशींत साचतं, आणि ते फक्त मेंदूत राहत नाही. आतड्यांच्या नसांत साचतं, म्हणून हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी बद्धकोष्ठ सुरू झालेलं असतं. हृदयाला जाणाऱ्या नसाही झिजतात. बाजेवरून उठताच आबाजींना अंधारी येते त्यामागे हे एक कारण असतं. त्यावर बीपीच्या तीन गोळ्या चालू असतील तर पडणं ठरलेलं.

पिशवी रिकामी करा

आता मुख्य काम. घरातली प्रत्येक गोळी, चूर्ण, काढा, मलम, डोळ्याचे थेंब एका चादरीवर मांडा. शंभर पानी वही घ्या. प्रत्येक औषधाचं नाव स्ट्रिपवरून उतरवा, समोर मिलिग्रॅम, वेळ, कोणी लिहिलं आणि कशासाठी. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या स्ट्रिपा निघतील, एक गुलाबी, एक निळी, आणि दोन्ही रोज चालू असतील. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं खरं औषध. तेच उतरवा. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला म्हणा, तो सांगेल. नाही सांगत म्हणाला तर दुकान बदला.

यादी झाली की पुढच्या जोड्यांवर बोट ठेवा.

विसराळूपणासाठी डोनेपेझिल आणि हृदयासाठी मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल. दोन्ही नाडी मंद करतात. एकत्र देता येतात, पुष्कळांना चालतातही, पण आधी ईसीजी काढलेला असावा आणि नाडी मोजत राहावं लागतं. डोनेपेझिल सुरू झाल्यावर आबाजी चक्कर येऊन पडले तर "अशक्तपणा" म्हणून सोडू नका.

डोनेपेझिल कसं काम करतं हे आपल्या कपाशीच्या भागाला समजावणं सोपं आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी कीटकनाशकं शरीरातलं ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात. फवारणीत विषबाधा झालेल्या माणसाला लाळ, घाम, उलट्या आणि मंद नाडी येते ती त्यामुळे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त लोक फवारणीच्या विषबाधेने गेले, ती आठवण अजून ताजी आहे. डोनेपेझिल त्याच एन्झाइमला अडवतं, फक्त मोजून-मापून, हलक्या हाताने. यावरून दोन गोष्टी ठरवा. ही गोळी चुकून दोनदा दिली जाता कामा नये. आणि कपाशीवर फवारणी चालू असताना त्या माणसाला धुऱ्यावर बसवू नका, फवारणी करून आलेल्याने आंघोळ करून मगच त्याच्याजवळ जावं.

दुसरी जोडी दुखण्याच्या इंजेक्शनची. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं की शरीरात पाणी आणि मीठ अडतं, किडनीवर ताण येतो, आठवडाभरात पाय सुजून धाप लागते. पंपिंग कमी असलेल्या माणसाला ही औषधं नकोतच. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

तिसरी, सर्दीची साधी गोळी. क्लोरफेनिरामिन असलेल्या गोळ्या, झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, वारंवार लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन ही सगळी औषधं डोनेपेझिलच्या नेमकी उलट वागतात आणि गोंधळ वाढवतात. एका डॉक्टरांनी पाय पुढे ओढायचा आणि दुसऱ्यांनी मागे, असा प्रकार. कंपवाताच्या रुग्णाला उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि आरडाओरडीसाठी हॅलोपेरिडॉल टाळायचं. अंग एकदम लाकूड होतं. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने हे लिहून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता नवख्या डॉक्टरांनाही दाखवता येईल.

आणि सलाईन. "कमजोरी आली बाप्पा, एक बाटल लावून द्या" हे वाक्य आपल्याकडे रोजचं. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. हृदयाच्या रुग्णाला दिवसभराच्या जेवणात मीठ ठेवायचं ते जेमतेम ५ ग्रॅम. म्हणजे दिवसाचं सगळं मीठ तासाभरात थेट शिरेत. ज्याचं पंपिंग (इकोच्या कागदावर ईएफ लिहिलेला आकडा) तीस टक्क्यांच्या घरात आहे त्याच्या फुप्फुसात त्या रात्री पाणी भरू शकतं. जुलाब-उलट्यांनी खरंच पाणी कमी झालं असेल तर सलाईन लागतं, पण ते हृदयाचा कागद पाहणाऱ्याने, थेंब मोजून. कमजोरीवर सलाईन नको म्हणणारा डॉक्टर कंजूष नसतो. पेशंट गेला तर चालेल पण गिऱ्हाईक जाऊ नये असा विचार करणाऱ्यापेक्षा तो बरा.

स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही, हेही तितकंच खरं. विशेषतः स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या. दात काढायचा म्हणून चार दिवस बंद केल्या आणि स्टेंट तुंबला, असं होतं. यादी घेऊन डॉक्टरांकडे जायचं, निर्णय त्यांचा.

गोळी पोटात जाईपर्यंत

विसराळू माणूस गोळी गालात धरतो, नंतर गादीखाली ठेवतो, किंवा घेतली हे विसरून परत मागतो. गोळ्या कुलपात, किल्ली एकाच माणसाकडे. सात दिवसांच्या खणांचा डबा मिळतो; रविवारी रात्री भरून ठेवावा. गोळी देणारा एकच, तो लग्नाला गेला तर दुसरा कोण हे आधी ठरलेलं.

पाण्याची गोळी (अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी) सकाळी द्या, दुसरी असेल तर दुपारी चारच्या आत. रात्री दिली की माणूस अंधारात अंगणातल्या संडासाकडे जातो आणि खुबा मोडून घेतो. कंपवाताची लेव्होडोपा जेवणाच्या अर्धा तास आधी. वरण, दूध, अंडी यांतलं प्रथिन तिला आतड्यात अडवतं. नावापुढे एक्सएल, ईआर, एसआर असेल ती गोळी कुटून किंवा चमच्यात विरघळवून द्यायची नाही, कारण दिवसभराचा डोस एकदम सुटतो. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरा प्रकार लिहून घ्या.

वहीतली रोजची ओळ

सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी, त्याच कपड्यांत वजन. काटा सारवलेल्या जमिनीवर नको, शहाबादी फरशीवर ठेवा, नाहीतर रोज वेगळा आकडा येतो. आबाजी काट्यावर उभे राहायला घाबरत असतील तर काटा भिंतीला लावून ठेवा, भिंतीवर हात टेकू द्या, पण भार टाकू देऊ नका. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर ते खाण्याने नाही, पाण्याने वाढलेलं. सूज दिसायच्या आधी काटा सांगतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

मग नाडी. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, आपला अंगठा वापरू नका. घड्याळाकडे पाहून तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. पन्नासच्या खाली, किंवा निवांत बसलेला असताना शंभरच्या वर, किंवा एक ठोका लवकर एक उशिरा असा बेताल लागला तर कळवा. बेताल नाडीत हृदयात गुठळी होऊन लकवा होऊ शकतो. वेळीच कळली तर तो टाळता येतो.

बीपी आठवड्यातून दोनदा पुरे. पाच मिनिटं बसवून एकदा, उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला परत. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर तसं लिहा आणि पुढच्या भेटीत दाखवा. ओपीडीत फक्त बसलेलं बीपी पाहिलं जातं, म्हणून गोळ्या वाढत जातात आणि माणूस घरी पडत राहतो.

एका ओळीत एवढं मावतं: तारीख, वजन, नाडी, पायावर बोट दाबल्यावर खड्डा पडतो का, रात्री किती उशा लागल्या, झोप. कालपर्यंत एका उशीवर झोपणारा आज बसून झोपतो आहे, हे वहीत दिसलं की थांबू नका.

मीठ, पाणी आणि मे महिना

पानात वरून मीठ बंद. पण खरं मीठ असतं लोणच्यात, पापडात, सांडग्यात, ठेच्यात, दुकानच्या शेव-चिवड्यात. ज्वारीची भाकर बिनमिठाची असते, हे आपलं नशीब. तिच्यासोबत जवसाची चटणी बिनमिठाची करून त्यात लिंबू, लसूण वाढवा. बाजारातलं "कमी सोडियमचं" मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या बीपी-हृदयाच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊन हृदय बंद पडू शकतं. नारळपाण्याचंही तसंच, रोज नको.

अवघड प्रश्न उन्हाळ्याचा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. हृदयाचे डॉक्टर म्हणतात पाणी मोजून प्या, आणि विसराळू माणसाला तहान लागल्याचं कळतच नाही. त्यात पाण्याची गोळी चालू. याचं उत्तर घरी बसून काढायचं नाही. मार्चअखेरच्या भेटीत सरळ विचारा: "डॉक्टर, उन्हाळ्यात पाणी किती, आणि पाण्याची गोळी कमी करायची का?" उत्तर वहीत लिहून घ्या. मग सकाळी तेवढ्या पाण्याची बाटली भरा आणि दर तासाला अर्धा कप हातात द्या. "तहान लागली का" असं विचारू नका. वजन उलट दोन किलोने उतरलं, लघवी गडद झाली, उभं राहताच डोळ्यापुढे अंधार आला तर तेही फोन करायचंच लक्षण. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी विचारून पाण्याची गोळी थांबवावी लागते.

घर, आवार, विहीर

इथे शहरातले सल्ले चालत नाहीत. विसराळू माणूस बाहेर पडला तर वाटेत उघडी विहीर असते, कॅनॉल असतो. पहाटे बैलं सोडायची जुनी सवय हाता-पायात असते, डोक्यात नसली तरी. कवाडाला वर कडी लावा, घुंगरू बांधा, खिशात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी शिवून टाका. सर्वात आधी मात्र कीटकनाशकाच्या बाटल्या घरातून बाहेर काढून कुलपात ठेवा. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत उरलेलं औषध ओतून ठेवायची पद्धत घातकच आहे. विसराळू माणसाच्या घरात ती जीव घेते.

अटॅक आणि लकवा

स्मृतिभ्रंश असलेला माणूस "छातीत दुखते" म्हणेलच असं नाही. तो घामाने चिंब होईल, उलटी करेल, छातीवरून सारखा हात फिरवेल, एकदम गप्प होईल. शुगरवाल्यांना तर छातीत दुखतच नाही कधी कधी. अशा वेळी सोडा पाजत बसू नका.

१०८ ला फोन. माणसाला चालवू नका, बसतं ठेवा. चिठ्ठीवर जिभेखालची गोळी लिहिलेली असेल तर बसवून एक द्या, गिळू देऊ नका. चक्कर किंवा बीपी फार कमी असेल तर देऊ नका. १०८ वरच्या डॉक्टरांनी सांगितलं तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. त्यानंतरचा निर्णय लाख मोलाचा: सरळ नागपूर गाठायचं की जवळचं उपजिल्हा रुग्णालय? जिथे लवकरात लवकर ईसीजी निघेल तिथे आधी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अटॅकच्या बारा तासांच्या आत देतात आणि पहिल्या दोन-तीन तासांत ते सर्वात जास्त गुणकारी. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून लांब नेण्यात हे तास जातात. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, अमरावती यांपैकी तुम्हाला जवळ काय, तिथे रात्री अँजिओप्लास्टी होते का, हे आजच विचारून वहीच्या मागच्या पानावर लिहा.

लकव्याचं उलट. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड झालं की ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण रक्तस्राव आहे की गुठळी हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. शेवटचा ठीक कधी पाहिला ती वेळ लिहा. इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची, म्हणून सीटी असलेल्या दवाखान्यातच जा.

भरती झाल्यावर एक माणूस ओळखीचा, सतत जवळ. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र सोबत. आयसीयूत विसराळू माणसाचा गोंधळ कितीतरी पटीने वाढतो, तो सुया उपटतो, आणि मग हात बांधायची वेळ येते. सुनेचा आवाज ऐकला की अर्धं काम होतं.

ते नवं इंजेक्शन

पुण्याचा मुलगा हमखास विचारतो, "अल्झायमरवर अमेरिकेत इंजेक्शन निघालं म्हणे?" लेकॅनेमॅबला तिथे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते मेंदूतलं अमायलॉइड साफ करतं. दीड वर्षाच्या चाचणीत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंद झाली. गेलेली आठवण परत आली नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीच आहे, वरचेवर एमआरआय लागतो, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव हा त्याचा माहीत असलेला धोका आहे. बेताल नाडीसाठी वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला तो धोका आणखी. माझ्या मते आपल्या आबाजींसाठी जमीन गहाण टाकण्यासारखं हे औषध नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मोजली, त्यांत बीपी, शुगर, धूम्रपान, वाईट कोलेस्टेरॉल, ऐकू न येणं, एकटेपणा आहेत. कानाच्या यंत्राचा खर्च आधी करा.

कागदपत्रं

सत्तरीपुढच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आधारवरून ई-केवायसी होते. हे कार्ड दुखणं यायच्या आधी काढा, कारण म्हाताऱ्या माणसाचे अंगठ्याचे ठसे झिजलेले असतात आणि ओटीपी येतो तो बंद पडलेल्या नंबरवर. त्याखालच्या वयासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. कंपवात २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या यादीत आहे, त्याचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळतं. बँकेत मुलाचं किंवा सुनेचं नाव जोडायचं असेल तर आबाजींना सही कळते आहे तोवर जोडून घ्या. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलता येतं, दर वेळी गाडी करायची गरज नाही. सांभाळणाऱ्या बाईलाच रात्र-रात्र झोप नसेल, रडू येत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. इको, अँजिओ आणि डिस्चार्जच्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक वहीत, एक शेजारच्या घरी ठेवा.